तबलजीची वेणी

अन्वी आणि रोहन,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर मला एक पुस्तक दाखवलंत. तुमच्या आईच्या कपाटात सापडलेलं, तपकिरी कव्हराचं, तिचं शाळेतलं संगीताचं पुस्तक. त्यातल्या चित्रात तबला वाजवणाऱ्या मुलाला दोन वेण्या का आहेत, एक काळी आणि एक निळसर, असं तुम्ही विचारलंत. आई हसली आणि म्हणाली, आजीला विचारा. तिला उत्तर माहीत नाही असं अजिबात नाही. गिरिजाबाईंचा विषय निघाला की आजीचा चेहरा कसा होतो, ते तिला बघायचं होतं. म्हणून मी फोनवर सांगितलं नाही. आता व्यवस्थित लिहून पाठवते. हे तुम्हाला आईच वाचून दाखवणार, हेही मला माहीत आहे. वाचताना ती कुठे अडखळली किंवा दोन ओळी गाळून पुढे गेली, तर तिला मागे फिरायला लावा.

सोलापुरात मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि गिरिजाबाई संगीत. सत्तरचं दशक होतं. जूनमध्ये शाळा उघडली की पाचवीच्या नव्या वर्गावर संगीताचा पहिला तास असे. बाई वर्गात येत, हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढत, टेबलावर ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत घालत आणि मुलींना पुस्तकातलं पहिलं चित्र उघडायला सांगत. तेच चित्र तुम्ही पाहिलंत. गालिच्यावर तिघं बसलेली. मध्ये काळ्या टोपीचे गुरुजी पेटी वाजवताहेत. एका बाजूला तंबोरा घेतलेली मुलगी, केसांत गजरा, डोळे मिटलेले. दुसऱ्या बाजूला तबल्यावर एक मुलगा, तेल लावून चापून बसवलेल्या केसांचा, आपल्याकडे बघून हसणारा. पुढची पानं उलटलीत तर ढोलकी मुलाकडे, बासरी मुलाकडे, आणि मुलींच्या हातात टिपऱ्या, झांजा नाहीतर फुलांची परडी. हाताला जोर लागेल असं एकही वाद्य त्या पुस्तकात मुलीकडे नव्हतं. आणि ते पुस्तक वाचत होत्या त्या सगळ्या मुलीच.

"पेन्सिल घ्या," गिरिजाबाई म्हणत. "या पोराला वेणी काढा."

वर्ग खिदळायचा. बाई हसू संपेपर्यंत थांबत. मग म्हणत, "हसायचं काय त्यात? नीट काढा, तिपेडी. रिबीन बांधली तरी चालंल. झाली? आता त्याचे डोळे बघा. कुणाकडं बघतोय हा? आपल्याकडं. तबलजी असा लोकांकडं बघत बसतो व्हय? साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याकडं बघायचं असतंय. ती बुबुळं खोडा आणि तंबोऱ्याकडं सरकवा."

दर जूनला हेच चाले. आणि त्या काळी वरच्या वर्गातल्या मुलीचं पुस्तक खालच्या वर्गातली घेत असे, त्यामुळे त्या मुलाच्या डोक्यावर वर्षागणिक वेण्या वाढत जात. काही पुस्तकांत तो पार केस सोडून बसलेल्या जोगतिणीसारखा दिसे. तुमच्या आईला मिळालेलं पुस्तक त्या मानाने नवं होतं. काळी वेणी आधीच्या मुलीची, निळसर तुमच्या आईची.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला मला चालत नाही. वर्गावर्गातून पुस्तकं अशी रंगवलेली पाहिल्यावर मी एकदा शिक्षिकांच्या खोलीत गिरिजाबाईंना अगदी सौम्यपणे म्हटलं, की मुलींना पुस्तकात रेघोट्या मारायची सवय लागते आहे.

"रेघोट्या?" त्या म्हणाल्या. "दुरुस्ती हाय ती, काळेबाई. तुम्ही लाल पेनानं करता, मी पेन्सिलीनं."

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले. पण त्या दिवसापासून त्या मला डाचू लागल्या, आणि पुढे कारणं वाढतच गेली.

त्या दिसायला कशा होत्या ते सांगते. उंच, सावळ्या, हाडापेराने मजबूत. कपाळाला विभूतीची पुसट रेघ, अंगावर बहुतेक वेळा गडद इरकल. लग्न केलेलं नव्हतं. म्हाताऱ्या आईसोबत राहत आणि शाळेत सायकलवरून येत. साडी नेसून सायकलवर येणाऱ्या बाईकडे आमच्या गल्लीतले लोक वळून बघत, आणि त्या घंटी वाजवून त्यांनाच बाजूला करत. मी रिक्षाने यायची. पावसात त्या भिजून येत, मी कोरडी येत असे, आणि तरी वाटे की यांचं बरं आहे.

बोटं मात्र त्यांची बघण्यासारखी होती. टोकाला रुंद झालेली, कडक. तळहातांना पावडर लावून त्यांनी तबल्यावर नुसता हात ठेवला तरी वर्ग गप्प होई. तबला कसा आला असं कुणी विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "माझ्या भावाला शिकवायला मास्तर यायचे. भाऊ पळून गोट्या खेळायला जायचा. मास्तर येऊन बसलेले, च्या झालेला, मग त्यांनी कुणाला शिकवायचं? मी हितंच होते की." हे त्या इतक्या सहज सांगत की त्यामागे वडिलांची किती बोलणी आणि किती रडणं असेल, ते ऐकणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये. माझ्या मात्र येई. मलाही लहानपणी पुण्यात गाणं शिकवायला गुरुजी येत. माझ्यासाठीच येत, मला पळून जाणाऱ्या भावाची गरज पडली नव्हती. तंबोरा माहेरून माझ्याबरोबर सोलापूरला आला, आणि लग्नानंतर घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण या सगळ्यात तो खोळ घालून कोपऱ्यात उभा राहिला. मला कुणी गाऊ नकोस म्हटलं नाही. कुणी गा असंही म्हटलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या आईला माझा आवाज मिळाला होता. हे मी आई म्हणून म्हणत नाही, ऐकणारे सगळेच म्हणत. लहानपणी ती खेळता खेळता गुणगुणायची तेव्हा मी हातातलं काम थांबवत असे. माझं सगळं ठरलं होतं. दहा वर्षांची झाली की तंबोऱ्याची खोळ काढायची, तारा बदलायच्या आणि तिला समोर बसवायचं. जे माझं अर्धं राहिलं, ते तिच्याकडून पुरं होईल. आणि ती पाचवीत गेली त्या जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आई, मला तबला शिकायचाय."

मी म्हटलं, आधी गाणं. ती म्हणाली, गाणं नको, तबला. मी कारण विचारलं. म्हणाली, बाईंना येतो म्हणून.

इतकं साधं कारण होतं. मलाही खूप काही येत होतं. तिच्या फ्रॉकची झालर मी हाताने शिवत होते, शब्दकोशात शब्द कसा शोधायचा ते मी शिकवलं होतं. त्यातलं काही करून बघावंसं तिला कधी वाटलं नाही. आठवड्यातून दोनदा दिसणाऱ्या बाईंना जे येतं, ते मात्र हवं.

तुमच्या आजोबांनी लगेच तबला-डग्ग्याची जोडी आणली. आमच्या सासूबाईंनी हरकत घेतली ती बांगड्यांवरून. मुलीची जात, संध्याकाळी दिवे लागले की ही बांगड्या काढून बसते, भुंडे हात बरे दिसतात का, असं त्या रोज म्हणत. एकदा त्या शाळेतच गेल्या आणि गिरिजाबाईंना हे सुनावलं. बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आजी, तुमी पीठ मळताना अंगठी काढता का न्हाय? पिठात जाऊ नये म्हणून. तसं हे. वाजवून झालं की पुन्हा घालती की ती." सासूबाई घरी येऊन मला म्हणाल्या, बाई समजूतदार आहे. माझं एकही म्हणणं ज्यांना कधी समजूतदार वाटलं नव्हतं, त्या सासूबाई.

तेव्हापासून आमच्या घरात "बाई म्हणतात" हा जप सुरू झाला. बाई म्हणतात, पाठ ताठ ठेवायची. बाई म्हणतात, चूक झाली तर तोंड वाकडं करायचं नाही, लोकांना कळतं. बाई म्हणतात, जेवून लगेच वाजवू नये. हेच मी अभ्यासाबाबत वर्षानुवर्षं सांगत आले होते. माझं बोलणं भिंतीला लागून परत येई आणि बाईंचं आत मुरे. खूश झाल्या की गिरिजाबाई कानडीत "भाळ छलो" म्हणत, म्हणजे फार छान. तुमची आई बाहुलीची वेणी घातल्यावर "भाळ छलो" म्हणू लागली, मी केलेल्या थालीपिठाला "भाळ छलो" म्हणू लागली. माझ्या हातच्या पदार्थाला त्यांच्या शब्दात शाबासकी मिळत होती.

आमच्या सोलापुरात तेव्हा शाळाशाळांच्या गायनस्पर्धा होत. मुलींच्या शाळांची एक ठरलेली रीत होती. मुली गात, आणि तबल्यासाठी मुलांच्या शाळेतून एक मुलगा मागवला जाई. स्पर्धेच्या आधी दोन दिवस तो येई, मुली लाजत, तो ऐटीत वाजवी आणि शेवटी मुख्याध्यापिका त्याला पेढा देत. तुमची आई आठवीत होती त्या वर्षी गिरिजाबाईंनी मुलगा मागवायचं नाकारलं. गायला पद्मा, साथीला नंदिनी, म्हणजे तुमची आई, असं त्यांनी सांगून टाकलं. पद्मा पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली मुलगी. घरी मागाचा खडखडाट, त्यावरून ऐकू जावा असा खणखणीत आवाज. मुलगी चांगली होती, मला तिच्याविषयी काही म्हणायचं नाही. पण माझ्या नंदूचा आवाज तिच्यापेक्षा गोड होता, आणि ती स्टेजवर बाजूला बसून दुसरीसाठी वाजवणार होती.

मला ते सहन झालं नाही. मी संध्याकाळी गिरिजाबाईंच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात सायकल. आत त्यांच्या आई चुलीपुढे ज्वारीच्या भाकऱ्या थापत बसलेल्या. त्यांना फक्त कानडी येई. मला बघून त्या हसल्या आणि थापत राहिल्या. गिरिजाबाईंनी मला पाटावर बसवलं, पुढ्यात गरम भाकरी आणि शेंगांची चटणी ठेवली. मी खायला आले नव्हते, तरी खाल्लं. मग म्हटलं, की नंदिनीला गाऊ द्या. तिचा गळा वाया जातो आहे.

"तिला विचारलंत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खूपदा. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तुम्ही सांगा.

आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता, एका लयीत. मग त्या म्हणाल्या, "सांगते की. मी गा म्हटलं तर ती उद्यापासून गाईल. पण मग ते गाणं माझं होईल, काळेबाई. मी सांगितलं म्हणून आलेलं. तुम्हाला चालंल?"

मी हातातला घास खाली ठेवला. इतकी वर्षं मला ज्याचं नाव घेता येत नव्हतं, ते या बाईंनी चटणीच्या ताटलीशेजारी आणून ठेवलं होतं. मुलीने गावं असं मला वाटत होतं, पण माझ्यामुळे गावं. त्यांच्या हातून मिळालेलं तिचं गाणं मला नको होतं. मी नाही म्हटलं आणि उठले. दारापर्यंत येऊन त्या म्हणाल्या, "आठवड्याचे दोन तास माझे. बाकी पोरगी सगळी तुमचीच हाय. तरी तुम्ही माझ्याकडं असं बघता, जशी मी ती चोरून नेली."

"तुम्ही नेलीच आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. सायकल बाजूला ओढून त्यांनी मला वाट दिली.

स्पर्धेच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले होते. स्टेजची व्यवस्था बघणारे गृहस्थ तबल्याची जोडी ठेवून इकडेतिकडे बघत होते. त्यांनी गिरिजाबाईंना विचारलं, की तुमचा तबलजी अजून आला नाही का, वेळ झाली.

"आलाय की," बाई म्हणाल्या. "वेणी घालून आलाय."

तुमची आई पुढे झाली, बांगड्या काढून बाईंच्या हातात दिल्या आणि बसली. हॉलमध्ये कुजबुज झाली. मागच्या रांगेतून मुलांनी शिट्टी मारली. मला वाटलं, आता ती घाबरून माझ्याकडे बघेल, आणि मी मान हलवून धीर देईन. मी चष्मा पुसून तयार बसले होते. तिने बघितलं नाही. तिने पद्माकडे बघितलं, आणि गाणं संपेपर्यंत नजर काढली नाही. पद्मा श्वास घेई तेव्हा तुमच्या आईचा हात हलका होई, पद्मा पुढे सरकली की तो सरके. मध्येच पद्मा एक ओळ विसरली. हॉलमध्ये कुणालाही ते कळलं नाही, कारण तुमच्या आईने तोच ठेका फिरवून तिला पुन्हा सुरुवातीवर आणून सोडलं. मला कळलं, कारण मी गाणं शिकले होते. इतकं लक्ष देऊन तिने माझ्याकडे जन्मात कधी बघितलं नव्हतं. मला त्या विणकराच्या मुलीचा हेवा वाटला, आणि तिच्याहून जास्त गिरिजाबाईंचा, ज्यांनी नंदूला असं बघायला शिकवलं.

त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस गाणाऱ्याचं असतं, साथीला नसतं, त्यामुळे पेला पद्माच्या हातात गेला. घरी येताना मी रिक्षात म्हटलं, "एकदा तरी माझ्याकडे बघायचंस."

"आई, तू गात होतीस का?" ती म्हणाली. तिला त्यात टोचण्यासारखं काही वाटलं नव्हतं. नियम होता, तिने सांगितला.

त्या स्पर्धेचं नाव पुस्तक छापणाऱ्यांपर्यंत कसं पोचलं कोण जाणे. गिरिजाबाई त्यांना दरवर्षी लिहीतच असत, की तबल्यावर एक तरी मुलगी दाखवा. पुढच्या हिवाळ्यात त्यांचा चित्रकार खरोखरच शाळेत आला. त्याने तासभर तुमच्या आईसमोर बसून पेन्सिलीने चित्र काढलं. नवं पुस्तक येणार म्हणून शाळाभर गाजावाजा झाला. मलाही आनंद झाला, अगदी मनापासून. माझ्या मुलीचा चेहरा राज्यभरच्या मुली बघणार होत्या.

जूनमध्ये गठ्ठे आले. गिरिजाबाईंनी शिक्षिकांच्या खोलीत पहिलं पुस्तक उघडलं आणि सगळ्या त्यांच्याभोवती जमलो. तबल्यावर मुलगी होती. चेहरा तुमच्या आईचाच, नाक तर हुबेहूब. पण केसांत भलामोठा गजरा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या, पाय एका बाजूला दुमडलेले, बोटं नाजूक वर उचललेली आणि तोंडावर आपल्याकडे बघून लाजरं हसू. गुरुजी होते तिथेच होते.

सगळ्यांनी कौतुक केलं. गिरिजाबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा असा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग म्हणाल्या, "ही कुठं वाजवतीय? ही तबल्याला हळदीकुंकू लावतीय."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि तासावर गेल्या. शेजारच्या वर्गात मी सहावीला कविता शिकवत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. "पेन्सिल घ्या," त्यांचा आवाज आला. "ह्या बांगड्यांवर बाह्या काढा. लांब, मनगटापर्यंत. नीट गिरवा, बांगडी दिसता कामा नये. झालं? आता डोळे." थोरल्या बहिणींकडून ऐकलेलं असावं, तेवढ्यावरून वर्ग ओळखून हसला. मीही माझ्या वर्गाकडे पाठ करून फळ्याकडे बघून हसले. घरी येऊन मी आमच्यासाठी घेतलेली प्रत काढली. त्या चित्रातल्या मुलीकडे बघून तुमची पणजी हरखून गेली, गल्लीत दाखवून आली. चित्रातली नंदू माझ्याकडेच बघत होती, मला हवं होतं तसं. मी रबर घेतलं, ठेवून दिलं. छापलेलं रबराने जातं थोडंच. पेन्सिल टोकदार करून मी तिच्या बांगड्यांवर बाह्या काढल्या. डोळे मात्र तसेच राहू दिले.

नंतरची वर्षं पटापट गेली. तुमची आई दहावी झाली, पुण्याला शिकायला गेली, मग लग्न, मग तुमचा देश. तबला तिच्याबरोबर सगळीकडे गेला. सुट्टीत आली की पहिल्या दिवशी माझ्या हातची पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई, हा क्रम कधी चुकला नाही. कधीकधी मी मुद्दाम दुसऱ्या दिवशीही पाहुणे बोलवायची. ती पाहुण्यांना नमस्कार करून जायचीच.

शेवटची भेट झाली तेव्हा तुमचा जन्म झालेला नव्हता. गिरिजाबाई निवृत्त होऊन जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत भाच्याच्या फ्लॅटवर राहत होत्या. सांधेदुखीने बोटं वाकडी झाली होती, तबला वाजवणं केव्हाच सुटलं होतं. यावेळी तुमच्या आईने मला बरोबर चलायचा आग्रह केला. मी डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेतली. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, पहिल्यापेक्षा निम्म्या झालेल्या. आवाज मात्र तोच.

"काळेबाई, तंबोऱ्याची खोळ काढलीत का अजून?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, आता कशाला. त्या म्हणाल्या, "मग तंबोऱ्याशिवाय म्हणा. हिचे हात हायेत, भाच्याच्या पोराची जोडी हाय. मला वाजवता येईना, निदान ऐकवा तरी काहीतरी." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर तुमची आई बांगड्या काढून खाली बसलीसुद्धा. हातोडीने तबला ठोकून तिने सूर जुळवला, आणि माझ्याकडे बघून थांबली.

गुरुजींनी शिकवलेलं एक जुनं पद मला आठवलं. दादऱ्यात होतं. सुरुवात बरी झाली. दुसऱ्या ओळीला माझा श्वास अपुरा पडला. मी ओशाळून थांबणार, तेवढ्यात ठेका हळू झाला. जरासा, दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतका. मी वर बघितलं. तुमची आई माझ्याकडे बघत होती. माझ्या ओठांकडे, गळ्याकडे, मी पुढचा श्वास कुठे घेईन तिकडे. तिला माहीत होतं मी कुठे अडखळेन, आणि तिथे ती माझ्या आधी पोचून उभी होती. मी पन्नाशी कधीच ओलांडली होती, आणि माझी मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा असं बघत होती. ते पद मी तीनदा म्हटलं. दोनदा पुरलं असतं.

संपल्यावर पलंगावरून आवाज आला. "भाळ छलो." मी तिकडे बघितलं. गिरिजाबाईंचं वाकडं बोट अजून पांघरुणावर ठेका धरत होतं आणि डोळे नंदिनीवर होते. इतका वेळ त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि तिने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

"आज माझी पाळी, काळेबाई," त्या मला म्हणाल्या. "जळू द्या मला थोडं."

तुमच्या आईला वाटलं त्या गंमत करताहेत, आणि ती हसली. आम्ही दोघी हसलो नाही. मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून चटणी लावली आणि त्यांना भरवली, कारण त्यांना तो धरता येत नव्हता.

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. मी फोन करून तुमच्या आईला कळवलं. ती खूप वेळ रडली, आणि मी रिसीव्हर कानाला धरून ऐकत राहिले. सांत्वन करता करताही माझ्या मनात आलंच, की ही माझ्यासाठी इतकी रडेल का. आता आई वाचताना इथे थांबली असेल. तिला म्हणावं, पुढे वाच.

तुमच्या तिकडच्या मंडळात ती गणपतीत तबला वाजवते, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून हात हलवता, तिचं लक्ष नसतं, अशी तुमची तक्रार असते. तुम्हाला राग येतो ते मला फार चांगलं समजतं. पण तिला हाका मारू नका, फोटोसाठी इकडे बघ म्हणू नका. ती बघणार नाही, तिला तशी शिस्तच लागलेली आहे. तिने आपल्याकडे बघावं असं वाटत असेल तर त्याला एकच इलाज आहे, आणि तो कळायला मला फार वर्षं लागली.

उठा, तिच्या शेजारी जाऊन बसा, आणि गायला लागा.

तुमची आजी